पान पाहून रोप ओळखताना आकार शेवटी बघा

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात रोपं हातोहात फिरतात. कुणी शेजारच्या परड्यातून फांदी मागून आणतं, कुणी रोपवाटिकेतून पिशवी उचलतं. वर्षभराने कळतं की कढीपत्ता म्हणून लावलेलं रोप बकाण निघालं, किंवा बेल म्हणून ज्याची पानं वाहिली तो वायवर्णा होता. चूक बहुधा एकाच जागी होते. माणूस पहिल्यांदा पानाचा आकार आणि रंग बघतो, आणि नेमक्या याच दोन गोष्टी ऊन, पाणी आणि झाडाचं वय यांप्रमाणे बदलतात. जांबोटीच्या पावसात वाढलेलं आणि अथणीच्या कोरड्या रानात वाढलेलं एकाच जातीचं पान शेजारी ठेवलं तर दोन वेगळी झाडं वाटावीत.

डोळा (नवी फूट येते तो बारीक कोंब) कुठे आहे, पानं फांदीवर कशी बसली आहेत, चीक येतो का, शिरा कशा धावतात, या गोष्टी सहसा बदलत नाहीत. म्हणून त्या आधी तपासायच्या. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा गाळला तर पुढची तपासणी फुकट जाते.

## तयारी

साहित्य थोडंच लागतं: दहा पट मोठं दाखवणारं भिंग (सोनार वापरतात तसलं), १५ सेंटिमीटरची पट्टी, कात्री किंवा ब्लेड, पांढरा कागद, चिकटपट्टी आणि पेन. चिकाच्या झाडांसाठी रबरी हातमोजे जवळ असू द्या. मोबाइलची बॅटरी (टॉर्च) पाचव्या टप्प्यात कामाला येते.

वेळ सकाळची धरा, दव उडून गेल्यावरची. भर दुपारी पानं मलूल होऊन कडा आत वळतात, आणि ओल्या पानावरची लव भिंगातूनही दिसत नाही. पावसात भिजलेलं पान आधी फडक्याने टिपून घ्या.

जपून: अनोळखी पानाची चव घेऊन बघायची नाही, थुंकून टाकणार असलात तरी. कण्हेर आणि पिवळी कण्हेर या दोन्ही दारोदारी दिसणाऱ्या झाडांची पानं हृदयावर परिणाम करणारी विषारी आहेत.

## टप्पा १: पान नको, फांदी घ्या

सुटं पान घेऊन कुणाला विचारायला गेलात तर जाणकार माणूसही अंदाजच सांगेल, कारण ओळखीच्या निम्म्या खुणा पेरावर, म्हणजे पान फांदीला जुळतं त्या जागी असतात. १५ ते २० सेंटिमीटर लांबीची, निदान पाच पेरं असलेली फांदी घ्या. ती झाडाच्या मधल्या उंचीवरची आणि उन्हाच्या बाजूची असावी. तपासायचं पान शेंड्यापासून चौथं-पाचवं धरा.

कुठली फांदी घेऊ नये हे जास्त महत्त्वाचं:

- बुंध्यापाशी फुटलेला जोमदार धुमारा. याची पानं नेहमीपेक्षा दीडपट-दुप्पट मोठी होतात.
- छाटणीनंतर आलेली पहिली फूट.
- नुकत्याच उगवलेल्या रोपाची पहिली चार-पाच पानं. पुढे येणाऱ्या पानांशी त्यांचं बऱ्याचदा साम्यही नसतं.
- लालसर कोवळी पालवी. आंबा, अशोक आणि आणखी कितीतरी झाडांची पालवी तांबूसच असते.

फांदी तोडतानाच कागदाच्या पट्टीवर जागा, झाडाची उंची, काटे आहेत का आणि फूल किंवा फळ दिसलं का, हे लिहून देठाला चिकटवा. घरी येऊन लिहू म्हटलं की दोन फांद्यांची अदलाबदल ठरलेलीच. झाडावरून काढायचे फोटो पाच: पूर्ण झाड, एक पेर अगदी जवळून, पान वरून, पान खालून, आणि पट्टी शेजारी ठेवून एक.

मोबाइलमधली ओळख सांगणारी ॲप वापरायला हरकत नाही, पण त्यांचं उत्तर प्रश्न म्हणून घ्या. ती मुख्यतः आकारावर आणि फुलावर चालतात, पेरावरचा डोळा बघत नाहीत. ॲपने सांगितलेलं नाव पुढच्या टप्प्यांतून पास झालं तरच धरायचं.

## टप्पा २: एक पान म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत?

सगळ्यात जास्त माणसं इथे घसरतात, म्हणून इथे वेळ घालवा.

पानाचा देठ फांदीला जिथे मिळतो, त्या बेचक्यात वरच्या बाजूला एक बारीक डोळा असतो. पुढची फूट किंवा फूल तिथूनच येतं. डोळ्यापासून टोकापर्यंत जे काही आहे ते सगळं मिळून एक पान. त्या पानाची बारकी-बारकी पानं झालेली असली तर त्यांना पर्णिका म्हणायचं. पर्णिकेच्या बुडाशी डोळा नसतो.

कढीपत्त्याची आपण फोडणीत टाकतो ती आख्खी काडी म्हणजे एकच पान आहे. काडीवरच्या पर्णिकांच्या बुडाशी भिंगाने कितीही शोधा, डोळा सापडणार नाही. काडी फांदीला चिकटते तिथे मात्र तो आहे. आवळ्याची गोष्ट उलटी. त्याची नाजूक काडी बघून वाटतं की हे चिंचेसारखं विभागलेलं पान आहे. पण फुलं येतात तेव्हा ती त्या काडीवर, बारक्या पानांच्या बुडाशी ओळीने लागतात. म्हणजे काडी ही फांदी आहे आणि ते प्रत्येक बारकं पान हे पूर्ण पान.

डोळा सापडला की पान किती वेळा विभागलंय ते मोजा:

१. सलग, न विभागलेलं: तगर, अनंत, जास्वंद, पेरू.
२. तीन पर्णिकांचं: बेल, वायवर्णा, पांगारा.
३. एकदा विभागलेलं, म्हणजे मधल्या दांडीवर थेट पर्णिका: कढीपत्ता, कडुनिंब, हादगा, कवठ.
४. दोनदा किंवा तीनदा विभागलेलं, म्हणजे दांडीला उपदांड्या आणि त्यांवर पर्णिका: बकाण, हेब्बेवु (बकाणीच्याच वंशातलं झाड, नाव कन्नड), गुलमोहर, शेवगा.

पडताळा: डोळा दिसत नसेल तर देठ खाली ओढून पान अलगद तोडा. फांदीवर जो वण राहतो त्याच्या लगेच वर डोळा असतो. तीन ठिकाणी करून बघा. तिन्हीकडे सारखंच दिसलं तरच पुढे जा.

## टप्पा ३: फांदीवरची मांडणी

एका पेरावर किती पानं आहेत, बस एवढंच बघायचं. एक असेल तर एकाआड एक, दोन असतील तर समोरासमोर, तीन किंवा जास्त असतील तर चक्राकार.

तगर, अनंत, मोगरा, तुळस, पानओवा यांची पानं समोरासमोर असतात. जास्वंद, लिंबू, गुळवेल, अशोक यांची एकाआड एक. लाल-गुलाबी फुलांच्या कण्हेरीला एका पेरावर बहुधा तीन पानं येतात आणि पानाच्या मधल्या शिरेपासून जवळजवळ समांतर अशा बारीक शिरा दाट निघतात. पिवळ्या कण्हेरीची पानं जास्त अरुंद, फांदीभोवती एकेक करून चढलेली, आणि आडव्या शिरा नजरेला दिसतच नाहीत. फूल नसतानाही या दोघींची गल्लत व्हायचं कारण नाही.

शेंड्याकडे पेरं इतकी जवळ असतात की एकाआड एक पानंसुद्धा समोरासमोर भासतात. म्हणून फांदीच्या मधला भागच बघा, आणि फांदी गोल फिरवून बघा. मोगरा आणि अनंत यांना जोमदार फुटीवर कधीकधी एका पेरावर तीन पानं येतात. एका पेरावरून निकाल देऊ नका.

## टप्पा ४: देठाचं बूड, खोडाची कड आणि चीक

देठाजवळून एक पान तोडा आणि दहा सेकंद थांबा. पांढरा चीक येतो का, पारदर्शक पाणी येतं की काहीच नाही? उन्हाळ्यात पाणी कमी पडलेल्या झाडाचा चीक पटकन दिसत नाही. तेव्हा सकाळी, कोवळ्या भागावर पुन्हा बघा. दोनदा कोरडं निघालं तरच "चीक नाही" असं लिहा.

तगर आणि अनंत यांचा घोळ इथे पाच सेकंदांत मिटतो. दोघांची पानं समोरासमोर, गडद हिरवी, चकचकीत, फुलं पांढरी. तगरीचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, आणि एकाच पेरावरची दोन पानं बऱ्याचदा लहान-मोठी असतात. अनंताला चीक नाही. त्याच्या दोन देठांच्या मधे फांदीला वेढून बसलेली पातळ पापुद्र्यासारखी उपपर्णं असतात, ती भिंगाखाली स्पष्ट दिसतात. अनंताच्या शिरा वरून खोल रुतलेल्या असतात, हा तिसरा पुरावा.

खोड बोटांच्या चिमटीत फिरवा. तुळशीच्या कुळातल्या झाडांचं कोवळं खोड चौकोनी लागतं. हळद, आलं, सोनटक्का आणि कर्दळ यांत गोंधळ असेल तर पानाचा आवरणासारखा भाग जिथे संपून पातं सुरू होतं तिथे बघा. हळदीच्या कुळात तिथे एक बारीक पातळ जिभली असते, कर्दळीला नसते. हळदीच्या पानाला नीट देठ असतो. सोनटक्क्याच्या पात्याला जवळजवळ नसतोच.

जपून: चिकाच्या झाडाला हात लावल्यावर साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला बोट लावू नका. रुई आणि शेर यांच्या चिकाने डोळ्यांना गंभीर इजा होते.

## टप्पा ५: उजेडापुढे धरून ठिपके आणि शिरा

पान आकाशाच्या उजेडापुढे धरा, सूर्याकडे नको. ढगाळ दिवस असेल तर मोबाइलची बॅटरी पानाच्या खालून लावा. लिंबाच्या कुळातल्या सगळ्या झाडांच्या पानांत तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. लिंबू, संत्रं, पपनस, बेल, कवठ, कढीपत्ता, कामिनी ही सगळी त्याच कुळातली. कडुनिंब आणि बकाण यांच्यात असे ठिपके नाहीत. खूण एकच, पण अर्ध्या शंका तीच मिटवते.

मग शिरा. बुडाच्या एका बिंदूतून पाच-सात मोठ्या शिरा फाकतात का (गुळवेल, नागवेल), की एकाच मधल्या शिरेला दोन्हीकडे फाटे फुटतात (खोटा अशोक, पेरू)? कड सलग आहे की करवती? आणि पर्णिकेचं बूड दोन्ही बाजूंना सारखं आहे की एकीकडे उतरतं? कडुनिंबाच्या पर्णिकेला कोयत्यासारखा बाक असतो आणि बूड दोन बाजूंना वेगवेगळ्या उंचीवर संपतं.

## टप्पा ६: चोळून वास

अर्धं पान दोन बोटांत पाच-सहा वेळा चोळा आणि लगेच हुंगा. एका बैठकीत तीन-चारपेक्षा जास्त झाडं नकोत. नाक थकतं, आणि कापूर, लवंग, ओवा सगळं एकच वाटू लागतं. दोन झाडांच्या मधे हात धुवा. ज्याला पांढरा चीक आला, ते पान चोळायचं नाही.

ऐन पावसाळ्यात भराभर वाढलेल्या पानांचा वास मंद असतो, म्हणून "वास कमी" हा निष्कर्ष जुलैत काढू नका. वास नेमका कसला ते शब्दांत लिहा. "चांगला वास" असं लिहिलं तर महिन्याने त्याचा काहीच उपयोग होत नाही.

## टप्पा ७: आता आकार

पाच पानं मोजा, एक नको. लांबी, रुंदी, देठाची लांबी लिहा, आणि सरासरी न काढता लहानात लहान ते मोठ्यात मोठं असा पल्ला लिहा. टोक कसं, बूड कसं, लव वर आहे की खाली, हेही टिपा. इथवर आलात की बहुतेक वेळा नाव आधीच ठरलेलं असतं, आकार फक्त दुजोरा देतो.

## नेहमी फसवणारी झाडं

### कढीपत्ता, कामिनी, कडुनिंब, बकाण, हेब्बेवु

आधी पान किती वेळा विभागलंय ते. दोन-तीनदा असेल तर बकाण किंवा हेब्बेवु. दोघंही एकाच वंशातले, आणि हेब्बेवुचं पान बरंच मोठं, भराभर वाढणारं. बकाणीची फळं विषारी आहेत, त्यामुळे लहान मुलांच्या अंगणात ती चुकून आलेली परवडत नाही.

एकदाच विभागलेलं असेल तर उजेडापुढे धरा. ठिपके नाहीत, कड ठळक करवती, पर्णिका बाकदार: कडुनिंब. ठिपके आहेत तर पर्णिका मोजा. कढीपत्त्याला साधारण ११ ते २१ किंवा त्याहून जास्त, दांडीवर एकाआड एक, आणि वास चोळायच्या आधीच हाताला लागतो. कामिनीला तीन ते नऊ, जास्त चकचकीत, टोकाकडे रुंद, आणि फोडणीचा तो ओळखीचा वास नाही. रोपवाटिकेत पिशवीतलं वीतभर रोप असेल तर खालची पहिली पानं सोडून वरचं एक पूर्ण पान बघा.

### गुळवेल

करोनाच्या साथीत घरोघर काढे झाले तेव्हापासून हा वेल कुंपणाकुंपणावरून तोडला जातो, आणि हृदयाच्या आकाराचं पान दिसलं की गुळवेल असं समीकरण झालंय. तो आकार किमान पाच-सहा वेलींना आहे.

गुळवेलीच्या पानाचा देठ लांब असतो, साधारण ५ ते १५ सेंटिमीटर, आणि तो दोन्ही टोकांना, फांदीशी आणि पात्याशी, किंचित फुगलेला असतो. पूर्ण वाढलेलं पान गुळगुळीत, लव नाही. बुडातून पाच ते सात शिरा. जुन्या वेलावर कागदी पापुद्रा सुटतो, आत हिरवं दिसतं, आणि वरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबतात. खोड आडवं कापलं तर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा दिसतात.

आता न जुळणारे:

- पानाला खालून मऊ लव असेल तर ती गुळवेलीची जवळची दुसरी जात असू शकते, किंवा पहाडवेल. पहाडवेलीचा देठ पानाच्या कडेला न जुळता किंचित आत, पात्याच्या पाठीला जुळतो.
- खालची बाजू रुपेरी-पांढरी रेशमी आणि तोडल्यावर चीक: समुद्रशोक.
- पेरं फुगीर, पानाला तिखट मसाल्याचा वास: नागवेल.
- जाड मेणचट पान, देठ खाली पन्हाळीसारखा फांदीला धरून, बुडातून फाकणाऱ्या शिरा नाहीत: मनी प्लांट.

यापेक्षा धोकादायक गल्लत टिनोस्पोरा क्रिस्पा या भावकीतल्या वेलाशी होते, आणि ती पानावरून सुटत नाही. पान जवळपास तसंच. फरक खोडावर आहे: क्रिस्पाचं खोड राखाडी आणि दाट मोसांनी, म्हणजे उठलेल्या गाठींनी, भरलेलं असतं. आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये या दोघांतला फरक सांगून लोकांना सावध केलं होतं. औषधासाठी घेणार असाल तर पानावर थांबूच नका. खोड बघा, आणि वैद्याला दाखवल्याशिवाय काढा करू नका.

### अळू

वडीचं अळू समजून शोभेचं अळू शिजवलं की घसा धरतो, ओठ सुजतात. सगळ्यात उपयोगी खूण: खायच्या अळूचा देठ पानाच्या खाचेत जुळत नाही. खाचेपासून काही अंतर आत, पानाच्या पाठीवर जुळतो. पान उलटं करा आणि जोड कुठे आहे ते बोटाने चाचपा. जोड थेट खाचेत असेल आणि पान वर आभाळाकडे टोक करून उभं असेल, तर ते मोठं शोभेचं अळू धरून सोडून द्या.

ही खूण असली म्हणजे झालंच असं नाही. रंगीत ठिपक्यांच्या कॅलेडियमचाही देठ आत जुळतो, आणि मोठ्या शोभेच्या अळूच्या लहान रोपांतही तो आत दिसू शकतो. त्यामुळे लहान रोपावर निर्णय घेऊ नका. पानावर पाण्याचा थेंब टाकून तो घरंगळतो का बघण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे, पण तेवढ्यावर भाजी चुलीवर चढवू नये. काळपट देठाचं वडीला आणि हिरव्या देठाचं भाजीला, हा भेद खायच्या अळूतल्या अळूतच लागू होतो. विषारी कुठलं ते त्यावरून कळत नाही.

खायचं अळूही कच्चं खाजतंच. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून चिरताना हाताला तेल, आणि शिजवताना चिंच किंवा आमसूल.

### मोगरा, कुंद, जाई, जुई

कळ्या नसताना चौघींची रोपं एका ओळीत ठेवली तर गिऱ्हाईक हमखास चुकतं. जाईचं पान विभागलेलं, साधारण सात-नऊ पर्णिकांचं, टोकाची पर्णिका सर्वांत मोठी. बाकी तिघींची पानं सलग दिसतात. त्यांपैकी पानाच्या देठावर दोन इवल्या कानासारख्या पर्णिका दिसल्या तर ती जुई. पान आणि फांदी मखमली लवीची असेल तर कुंद. वरून गुळगुळीत पान आणि उलट बाजूला शिरांच्या बेचक्यात केसांचे बारीक झुपके: मोगरा. झुपके बघायला भिंग लागेलच.

### बेल, वायवर्णा, कवठ

तीन दलं म्हणजे बेल नव्हे. बेलाला काटे, उजेडापुढे तेलाचे ठिपके, चोळल्यावर वास, आणि मधल्या पर्णिकेचा देठ बाजूच्या दोघींपेक्षा लांब. वायवर्ण्याला काटे नाहीत, ठिपके नाहीत, आणि तिन्ही दलं लांब देठाच्या टोकाला एकत्र जुळतात. कवठाला काटे आणि ठिपके दोन्ही, पण पर्णिका पाच-सात आणि मधली दांडी दोन्हीकडून चपट्या पंखासारखी पसरलेली.

### अशोक

शाळा-मंदिरांच्या कुंपणाला लावतात तो उंच, नागमोडी कडेचा, लांब सलग पानांचा वृक्ष खरा अशोक नाही. सीता अशोकाचं पान विभागलेलं, चार ते सहा जोड्या पर्णिकांचं. दुसरा टप्पा केला की विषय संपला. दर मात्र दोघांचे वेगळे असतात, म्हणून पैसे देण्याआधी बघा.

### तुळस आणि सब्जा

दोन्ही समोरासमोर, दोन्ही चौकोनी खोडाची. तुळशीच्या खोडावर आणि पानावर मऊ लव असते. सब्ज्याचं पान बहुधा गुळगुळीत, तकतकीत, मधे फुगलेलं. माणसाच्या कमरेइतकं झुडूप, हाताएवढी पानं आणि लवंगेचा वास असेल तर ती तिसरीच, झुडुपी तुळस.

## रोपवाटिकेत

सीमाभागातल्या रोपवाटिकांत पाटी बहुधा कन्नडमध्ये असते. करिबेवु म्हणजे कढीपत्ता, बेवु कडुनिंब आणि हेब्बेवु तिसरंच, पण घाईत तिन्हींचं "बेवु" होतं. अगसे हा शब्द हादग्यालाही लागतो आणि जवसालाही. नंदिबट्टलु तगर, दुंडुमल्लिगे मोगरा, जाजी म्हणजे जाई, दोड्डपत्रे पानओवा, अमृतबळ्ळी गुळवेल, नुग्गे शेवगा. नाव विचारा, पण पाटीवर विश्वास ठेवून पिशवी उचलू नका. पिशव्या हलवताना पाट्या जागच्या जागी राहतात.

शेवग्याऐवजी हादगा दिला असेल तर जागेवरच कळतं: हादग्याच्या दांडीला थेट पर्णिकांच्या दहा-पंधरा किंवा जास्त जोड्या असतात, शेवग्याला उपदांड्या.

एकाच जातीची पाच रोपं घेत असाल तर पाचही तपासा. एका ट्रेमध्ये दुसऱ्या जातीचं बी पडलेलं असतं.

## कलमी झाडात फसवणारी पानं

झाडावर दोन प्रकारची पानं दिसू लागली तर रोग समजू नका, आधी ती फूट कुठून आली ते बघा. संत्रं किंवा मोसंबीचं कलम बहुधा जंबेरी या लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर बांधलेलं असतं. जोडाच्या खालून फूट आली की ती खुंटाची. लिंबूवर्गात देठावरचे पंख मोजायचे: पपनसाला रुंद, कागदी लिंबाला अरुंद, महाळुंगाला पंख नाहीत आणि देठ व पातं यांच्यामधला सांधाही नाही. जंबेरीला पंख जवळजवळ नसतातच.

गुलाबाच्या बाबतीत "सात पर्णिकांची फांदी जंगली, पाचची खरी" हा नियम सर्वत्र सांगितला जातो. तो धरून चांगल्या फांद्या छाटल्या जातात. आजच्या कितीतरी कलमी गुलाबांना सात पर्णिका येतात. पर्णिका मोजू नका. माती बाजूला करून फांदी जोडाच्या वरून निघाली की खालून ते बघा. खालून असेल तर मातीत जिथून निघाली तिथूनच ओढून काढा. जमिनीबरोबर कापली तर त्याच जागी तीन फुटतात.